आक्काचे बारा ढीग

आजवर मी जे काही लिहिलं ते कुणाच्या तरी विरोधात लिहिलं. पत्रकं, अर्ज, निषेध, भिंतीवरच्या घोषणा. कुणाच्या बाजूने लिहायची ही पहिलीच खेप, तेव्हा हात अडखळला तर सांभाळून घ्या.

आमच्या रस्त्याला बारा एल्म होते. एल्म म्हणजे आपल्या वावळाच्या गोतावळ्यातलं झाड. खोड सरळ, वर जाऊन फांद्या फुलदाणीसारख्या फाकलेल्या, आणि दोन्ही बाजूंचे शेंडे मध्ये भेटले की खाली रस्त्याला छप्परच. पालिकेने खोडांवर पत्र्याचे आकडे ठोकले होते. बेकरीच्या कोपऱ्यावर एक नंबर, शाळेच्या फाटकाशी बारा. या बारा झाडांखालचा रस्ता सत्तावीस वर्षं एकच बाई झाडते आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. हातात खराटा दिसला की आपण बिनदिक्कत मावशी म्हणून मोकळे होतो. आईच्या सख्ख्या बहिणीला खुर्ची देतो, हिला पाणीसुद्धा फाटकाबाहेर. मला ते जमत नाही, म्हणून मी तिला आक्का म्हणते. ती मला पुढारीण म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलेलं नाही.

आक्का ठेंगणी, खांद्याने रुंद, आणि जिभेने माझ्याहून तिखट. हे मी सहसा कुणाबद्दल कबूल करत नाही. दोन मुली या खराट्यावर शिकवल्या, दोघी आता परगावी नोकरीला. नवरा खुर्च्यांच्या कारखान्यात सुतार होता, आता घरीच किरकोळ कामं करतो. तो माझा भावोजी. आक्का दोन खराटे वापरते, एक ताठ, एक मऊ, आणि दोन्ही स्वतः बांधते. पालिकेने दिलेला खराटा तिच्या मते माश्या हाकलायच्या लायकीचा असतो.

तिची झाडायची एक रीत आहे. बाकीचे झाडणारे जिथे हात थकेल तिथे ढीग करतात. आक्का एका झाडाचा एकच ढीग करते आणि तो त्याच झाडाच्या बुंध्याशी लावते. बारा झाडं, बारा ढीग. मग हातगाडी घेऊन पहिल्यापासून बाराव्यापर्यंत भरत जायचं. लग्नाआधी ती कपडे धुण्याच्या कारखान्यात होती, तिथली ही शिस्त. एका घरचे कपडे दुसऱ्या घरच्या गाठोड्यात मिसळले की झालं भांडण. मध्यंतरी मुकादमाने पाठीवर बांधायचं, वारा फेकणारं यंत्र आणलं. आक्काने दोन दिवस वापरलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर परत ठेवलं. म्हणाली, हे पहिल्याची पानं सातव्याकडे नेतं आणि सातव्याची दुसऱ्याकडे, याला झाडणं म्हणत नाहीत, चहाड्या करणं म्हणतात.

या ढिगांमुळे तिला झाडं जशी कळतात तशी आपल्याला कळत नाहीत. थंडी सरताना, एकही पान नसताना, एल्मला जांभळट-तांबूस फुलांचे बारके झुपके येतात. इतक्या उंचावर की माझ्यासारखीने तीस वर्षं या रस्त्याने मोर्चे काढले, पण एल्मला फूल येतं हे मला ठाऊक नव्हतं. आक्काला ठाऊक होतं, कारण ते तिच्या खराट्यात यायचं. मग पानांच्याही आधी बिया. चपट्या, गोल, मध्ये दाणा आणि भोवती कागदासारखा पातळ पंख. त्यांना ती तिकिटं म्हणते. गटाराच्या जाळीत हजारोंनी अडकलेली फुकट तिकिटं, आणि प्रवासाला एकही गेलेलं नाही. पान तर तिने मला हातात देऊन शिकवलं. वरून इतकं खरखरीत की त्याने ती फावड्याचा गंज घासते. कडेला दात, आणि मोठ्या दाताला परत बारीक दात. देठाशी पानाच्या दोन बाजू कधी जुळत नाहीत, एक वर संपते, एक खाली. शर्टाची गुंडी चुकली की कसं होतं, तसं. "तुझ्यासारखंच," ती म्हणाली होती, "घाईघाईत अंगात घातलेलं."

तर त्या उन्हाळ्यात, सगळे एल्म गच्च हिरवे असताना, चौथ्याच्या ढिगात पिवळी पानं आली. कडेने वळलेली, सुकलेली. तिसऱ्याच्या ढिगात नाहीत, पाचव्याच्या नाहीत. चौथ्याच्याही एकाच बाजूच्या फांदीखाली. आक्काने मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, पानं पडणारच, म्हणून तर तुम्हाला पगार आहे. दुसऱ्या दिवशी तिने चौथ्याचा अख्खा ढीग पोत्यात भरला आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो ओरडला. तिसऱ्या दिवशी तिने आणखी एक पोतं ठेवलं. चौथ्या दिवशी बागखात्याचे साहेब आले.

हे साहेब म्हणजे चष्मा लावलेला, शिडीवर स्वतः चढणारा माणूस. त्यांनी पिवळ्या फांदीची एक डहाळी कापून साल सोलली. आतल्या पांढऱ्या लाकडावर तपकिरी रेघा होत्या, चहाचा ओघळ वाळल्यासारख्या. एक बुरशी असते, ती झाडाच्या पाणी चढायच्या वाटा बुजवते; मुळाशी पाणी असून झाड उभ्या उभ्या तहानेने मरतं. सालीखाली राहणारा एक बारका भुंगेरा ती बुरशी या झाडावरून त्या झाडावर नेतो. औषध नाही. साहेबांनी चौथ्याच्या खोडावर लाल रंगाची फुली मारली.

ती फुली मी पाहिली आणि माझं डोकं फिरलं.

आता एवढं तरी समजून घ्या की ते उगाच फिरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मागच्या रस्त्यावरची नऊ झाडं अशीच 'रोगट' ठरवली होती, आणि महिन्याभरात तिथे गाड्या लावायची जागा झाली. त्यामुळे साहेबाच्या तोंडून रोग हा शब्द आला की मला आधी साहेबाचीच तपासणी करावीशी वाटते. मी संध्याकाळपर्यंत साठ माणसं जमवली. चौथ्याभोवती सतरंज्या पडल्या, फलक लागले, पाळ्या ठरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आमच्या सतरंजीच्या कडेने झाडत आली आणि हळूच म्हणाली की झाड खरंच आजारी आहे, तोडू द्या. मी तिला म्हणाले, तुला पगार पालिकेचा, तू दुसरं काय बोलणार. तिने सतरंजीची कड उचलून खालची पानं तेवढी काढून नेली.

बाराव्या दिवशी चौथ्याची एक मोठी फांदी कोसळली. एल्म असं करतो. वारा नसतानाही धड दिसणारी फांदी टाकून देतो. नशिबाने खाली कुणी नव्हतं. आम्ही त्या फांदीचे करवतीने अकरा ओंडके केले आणि उरलेल्या अकरा झाडांच्या खोडांना तारेने एकेक बांधला. प्रत्येकावर पाटी, 'मी चौथ्याचा भाऊ'. कल्पना माझीच. फार टाळ्या पडल्या. फोटोही छापून आला.

त्या पाटीखाली रोज सकाळी काय पडतं आहे, हे फक्त आक्काच्या खराट्याने पाहिलं. चिमूटभर तपकिरी भुकटी, तपकिरीच्या डबीतून सांडावी तशी. आधी दोन ढिगांत, मग पाचांत, मग अकराच्या अकरा ढिगांत. सत्तावीस वर्षांत भलत्या मोसमात सगळ्या ढिगांत एकच वस्तू कधी आली नव्हती. सोळाव्या दिवशी, आमच्या पाळीची माणसं चहाला गेलेली असताना, तिने भावोजींच्या पकडीने अकरा तारा तोडल्या, ओंडके हातगाडीत टाकले आणि घेऊन गेली.

मला कळलं तेव्हा मी तिला बेकरीसमोर गाठलं. चारचौघांत काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. पालिकेची चमची हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. आक्का खराट्यावर हात टेकून ऐकत राहिली. म्हणाली, "झालं असेल तर बस जरा, दमशील." त्याने मी आणखी पेटले. त्याच दुपारी लेखी तक्रार दिली, आंदोलनाचं सामान चोरलं म्हणून. माझ्या तक्रारींना पालिका वर्ष-वर्ष उत्तर देत नाही. या एकीला दोन दिवसांत दिलं. आक्काची बदली बाजाराच्या रस्त्यावर झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, आणि दोर माझ्या हातचा.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीवर आली. माझी खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. जिना अरुंद, टेबलावर खळीचा डबा, पत्रकांचे गठ्ठे, बसायला एक खुर्ची आणि एक पत्र्याची पेटी. मागे भावोजी, त्यांच्या खांद्यावर पोतं. मी उठले नाही. या म्हणाले नाही. आक्काने पत्रकं बाजूला सारली, पोत्यातला ओंडका टेबलावर ठेवला, आणि भावोजींनी खिशातून पटाशी काढून साल उचकटली. साल पूर्ण निघाली. आतल्या लाकडावर बोटभर लांबीची सरळ खाच, आणि तिच्या दोन्ही अंगांना कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा. एकदोन नाहीत, ओंडकाभर. रेघांच्या टोकांना पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"दहा बेकरीच्या भट्टीत टाकले," आक्का म्हणाली. "हा तुझ्यासाठी ठेवला. तुला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं."

 भावोजींनी समजावून सांगितलं. कारखान्यात सालीसकट लाकूड आलं की आधी हेच बघायचे. भुंगेरा मरत्या फांदीत अंडी घालतो, अळ्या मोठ्या होतात, पंख फुटले की भोक पाडून उडतात आणि अंगाला चौथ्याची बुरशी माखून शेजारच्या धडधाकट झाडावर खायला बसतात. उडायला फार दिवस राहिले नव्हते. म्हणजे मी काय केलं होतं, तर आजारी झाडाची अंडी अकरा निरोगी झाडांच्या गळ्यात बांधली होती आणि वर पाटी लावली होती भावाची.

मी एवढंच विचारलं की मी तुला इतकं बोलले, तुझी बदली करवली, मग तू आलीस कशाला.

"राग आहे ना. तो राहू दे बाजूला. आता पाचव्याचं बघायचं."

पाचव्याचं असं होतं. बागखात्याचे साहेब बाजाराच्या रस्त्यावर आक्काला शोधत गेले होते, कारण ढिगांची माहिती विचारायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी तिला सांगितलं की शेजारशेजारच्या एल्मची मुळं जमिनीत एकमेकांत मिसळून एक होतात, आणि भुंगेरा नसला तरी बुरशीचं विष त्या वाटेने पुढे जातं. चौथा नुसता तोडून भागणार नाही. आधी तिसऱ्या-चौथ्यामध्ये आणि चौथ्या-पाचव्यामध्ये चर खणून मुळं तोडायची, मग झाड. खणायचं यंत्र सहा आठवड्यांनी मिळणार होतं, आणि खालून पाण्याची नळी जात असल्यामुळे तेही जपूनच. तिसरा जरा लांब, वाहत्या गटारापलीकडे. पाचवा मात्र अगदी खेटून. सहा आठवडे तो थांबणार नव्हता. आधीच आम्ही त्याचे एकोणीस दिवस खाल्ले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सतरंजीवर उभी राहिले आणि म्हणाले की आपण उठतो आहोत, झाड तोडायचं आहे, चूक माझी. कुणीतरी लगेच विचारलं, किती मिळाले. आमच्याच दूधवाल्याने. एरवी त्याची कॉलर माझ्या हातात असती. पण आक्का बाजारातली पाळी संपवून येऊन उभी होती आणि तिने तो ओंडका दूधवाल्याच्या हातात दिला. त्याने पाहिला, पुढच्याला दिला. ओंडका साठ हातांतून फिरला. भाषण मी काहीच केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी सभा गप्प बसून जिंकली गेली, आणि जिंकली ती मी नाही.

यंत्राची वाट न बघता आम्हीच खणलं. साहेबांनी परवानगीचा कागद स्वतः फिरून आणला आणि कमरेइतकं खोल म्हणून दोरी आखून दिली. दोन दिवस, बावीस माणसं, फावडी, पहारी आणि खोरी. दूधवाला सगळ्यांत पुढे. मुळं लागली की साहेब खाली उतरायचे. एका जागी त्यांनी माती हाताने बाजूला केली आणि आम्हाला बोलावलं. मनगटाहून जाड एक मूळ चौथ्याकडून येत होतं आणि पाचव्याकडे जात होतं. मी बोट फिरवून पाहिलं. चौथा कुठे संपतो आणि पाचवा कुठे सुरू होतो, सांधा सापडला नाही. आक्का काठावर बसली होती. तिला विचारलं, तर म्हणाली की नात्यातली दुखणी अशीच जातात, आणि करवत पुढे केली.

मग चौथा तोडला. पालिकेच्या माणसांना त्याच्या खोडाचे तुकडे फोडायचे होते. पहिल्या घावात कुऱ्हाड रुतली ती रुतलीच. दुसरी घातली, तीही. भावोजी हसून हसून बेजार. एल्मच्या लाकडाच्या शिरा एकमेकींत विणलेल्या असतात, ते सरळ फुटतच नाही. म्हणून तर खुर्चीची बैठक एल्मची करायची, चार बाजूंनी पाय ठोकले तरी तडकत नाही. "ही कुऱ्हाड आता म्हातारपणीच बाहेर येईल," ते त्या माणसांना म्हणाले, "त्याच्या नाही, तुमच्या." शेवटी करवतीनेच कापलं आणि साल तासून जाळली.

पण त्याच दिवशी साहेबांनी पाचव्याच्या खालच्या फांदीची डहाळी सोलली, आणि तिच्यात एक तपकिरी रेघ निघाली. एकच. त्यांनी ती फांदी बुंध्यापासून उतरवली. बाकी झाडात विष पोचलं की नाही, हे पुढच्या उन्हाळ्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाले.

मी तक्रार मागे घ्यायला गेले. कारकून म्हणाला, लेखी तक्रार मागे घेता येत नाही, चौकशी होते. मी आवाज चढवला, तो पंखा लावून बसला. अखेर त्याने सांगितलं की तक्रार खोटी होती असं लिहून द्या. लिहून दिलं. त्या कागदावर मला तीन ओळी लागल्या आणि एक तास. तरी आक्का परत यायला सात आठवडे गेले.

ते सात आठवडे रस्त्यावर बदली माणूस होता, आणि तो जमेल तिथे ढीग करायचा. म्हणून मी पहाटे त्याच्या आधी खराटा घेऊन उतरायला लागले. आक्काने स्वतः बांधलेला खराटा दिला, ताठवाला. मऊ माझ्या हातात टिकणार नाही म्हणाली. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, आणि सातव्याचा ढीग आठव्यात मिसळला. आक्का बाजाराची पाळी संपवून आली, वाकून बोटांनी ढीग चिवडला आणि मला म्हणाली की मोर्चा बरा, त्यात कुणाची पानं कुणाची हे बघावं लागत नाही. पण रोज आली. रोज अकरा ढीग पाहून गेली. माझ्यावर रागावलेलीच होती, दहा दिवस धड बोलली नाही. तरी पान उचलून उन्हात धरून दाखवायची, हे वयाचं पिवळं, हे पाण्याचं, हे किड्याचं. मला शाळेने सातवीत सोडलं. त्यानंतर मला कुणी शिकवलं असेल तर ते या बाईने, आणि मी तिला चमची म्हटल्यानंतर शिकवलं. हे ऋण मी फेडीन असं म्हणत नाही. फेडायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

शिशिरात पानं गेली तेव्हा पाचव्याकडे बघून काहीच कळेना, सगळेच बोडके. पालवी आली, तीही भरघोस. साहेब म्हणाले, पालवीने फसू नका, चौथ्यालाही आली होती.

उन्हाळ्याच्या मध्यावर साहेब शिडी घेऊन आले. आक्का परत आपल्या जागी होती, रोज पाचव्याच्या ढिगाशी जरा जास्त रेंगाळायची. ढिगात पिवळं नव्हतं, पण तिनेही हो म्हटलं नव्हतं. दूधवाला सायकल टेकवून थांबला. भावोजी आले. साहेबांनी वेगवेगळ्या बाजूंच्या पाच डहाळ्या कापल्या आणि खाली उतरून एकेक सोलली. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. तिसरी सोलताना त्यांचा हात थांबला. गाठ होती नुसती. चौथी आणि पाचवीही टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ. साहेबांनी ती पाचवी माझ्याकडे नाही, आक्काकडे दिली. तिने नखाने डहाळीच्या अंगावरून लांब एक रेघ ओढून पाहिली, वास घेतला आणि म्हणाली, "जगला."

भावोजींनी डोळे पुसले आणि धुळीवर ढकललं. मी पुढे झाले. वर्षभर जुळवलेली वाक्यं माझ्याकडे होती, चांगली होती, चारचौघांत म्हणायची होती, ज्या रस्त्यावर तिला बोलले होते त्याच रस्त्यावर. आक्का, तुझ्यामुळे ही अकरा, इथपर्यंतच पोचले.

तिने त्या पाच डहाळ्या गोळा करून पाचव्याच्या ढिगावर ठेवल्या, खराटा उचलला आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"पुढारीण, सहाव्याच्या पानांवर उभी आहेस. सरक जरा."

मी सरकले.